नेस्टरला कुणी विकलं

बेसबॉल बघून कुणाची तब्येत सुधारली असं मी तरी ऐकलेलं नाही. माझ्या सासऱ्यांचं ब्लडप्रेशर आमच्या शहराच्या संघानं, ड्रेजर्सनी वाढवलं, नंतर नवऱ्याचं वाढवलं, आणि दोघंही 'पुढच्या वर्षी बघा' असं म्हणत म्हणतच गेले. मागे पुलास्की स्ट्रीटवरचा हा बार माझ्या गळ्यात पडला आणि बारबरोबर गिऱ्हाईकंही. त्यातलंच एक म्हणजे काझ ग्राबेक.

सबंध नाव काझिमिर. शहराच्या बस डेपोत ब्रेक दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, आता निवृत्त आहे. उंचीनं बेताचा, मान जाड, आणि आवाज असा की हळू बोलला तरी मला आत स्वयंपाकघरात ऐकू येतं. सामना असो नसो, दुपार कलली की येतो, टीव्हीसमोरच्या स्टुलावर बसतो, एक बीअर मागतो आणि सुरू होतो. सुरू होतो म्हणजे वरच्यांच्या नावानं खडे फोडायला लागतो. वरचे म्हणजे ड्रेजर्सचं ऑफिस. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावर काचेमागे बसून कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं हे ठरवणारी मंडळी. खेळाडूंवर काझ चिडतो ते घरच्या पोरांवर चिडावं तसं. वरच्यांना मात्र तो पाण्यात पाहतो.

त्याच्या एका बाजूला लेओ श्टेक. जन्मभर टपाल वाटलं, आणि लोकांना नुसती वाईट बातमीच पोचवली असावी असा चेहरा. दुसऱ्या बाजूला नॉर्बर्ट, सेंट हेडविग चर्चमध्ये फादरच्या हाताखाली मदतीला असतो, म्हणून त्याला वाटतं की क्षमा करणं ही आपली जबाबदारी आहे. हे तिघं बसले की टीव्हीचा आवाज वाढवून काही उपयोग नसतो.

"त्या शॉर्टस्टॉपला घरी बसवा," लेओ म्हणणार. "किती सोपे चेंडू सोडतोय. माझी आई झेलेल ते."

"तुझी आई वारली, लेओ."

"तरी झेलेल."

"अरे, पोरगा बावीस वर्षांचा आहे," नॉर्बर्ट म्हणणार. "हात बसेल हळूहळू."

"बाविसाव्या वर्षी मी दोन लेकरांचा बाप होतो."

"त्याचा झेलण्याशी काय संबंध?"

"रात्रभर झेलतच होतो मी त्यांना."

मग काझ ग्लास खाली ठेवणार. ग्लास खाली ठेवला की निकाल लागणार हे सगळ्यांना माहीत असतं. "चूक पोराची नाही. त्याला एवढ्या लवकर मोठ्या संघात आणलं कुणी? कच्चं पीठ भट्टीत सारलं, आणि आता पाव बसला म्हणून रडतायत. वरच्यांची अक्कल गेलीय शेण खायला." लेओ मान डोलावणार, नॉर्बर्ट छातीवर क्रूस काढणार, आणि मी म्हणणार, शेण बाहेर, इथे लोक मासे खातायत.

हे मी तुम्हाला हसत सांगतेय, पण या माणसाच्या पोटात काय होतं ते त्या बारमध्ये एकट्या मलाच माहीत होतं. आणि ते माहीत असण्याचा मला फार जाच झाला.

काझला एकच मुलगी, तेरेसा. बाप्तिस्म्याच्या वेळी मीच तिला हातात धरलं होतं, म्हणून ती मला मावशी म्हणते. तिची आई इरेना, तेरेसा शाळेत असतानाच कॅन्सरनं गेली. काझनं तिला एकट्यानं वाढवलं, आणि चांगली वाढवली. गणित शिकायला ती पूर्वेकडे गेली, तिकडेच हॉलंड नावाच्या एका सालस मुलाशी लग्न केलं, आणि तेरेसा ग्राबेकची टेस हॉलंड झाली. तीन वर्षांपूर्वी तिला नोकरी लागली ती आपल्याच शहरात. कुठे, तर ड्रेजर्सच्या वरच्या मजल्यावर. कुठला खेळाडू पुढे किती चालेल, कुणाला ठेवावं, कुणाला सोडावं याची आकडेमोड करायची आणि साहेबांना सांगायचं, हे तिचं काम.

म्हणजे काझ रोज ज्यांच्या नावानं बोटं मोडतो, त्यांच्यात त्याची पोटची पोर.

बारमध्ये त्यानं सांगितलं की मुलगी विमा कंपनीत आहे. लेओ-नॉर्बर्टनी तिला शेवटची पाहिली तेव्हा तिच्या दातांना तारा होत्या, त्यामुळे ते खपून गेलं. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, खोटं कशाला? अभिमानाची गोष्ट आहे."

"अभिमान आहेच," तो म्हणाला. "पण ब्रोनिया, हे यांना कळलं तर वरच्यांविरुद्ध एक शब्द तरी बोलता येईल का मला? चांगलं बोललो तर म्हणतील मुलीसाठी बोलतो. वाईट बोललो तर म्हणतील, जा, घरी जाऊन तिलाच सांग. मी नुसतं बसून बीअर प्यायची?"

"बरेच लोक तेवढंच करतात."

"ते ड्रेजर्सचे नसतात."

मी तोंडाला कुलूप लावलं. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. रविवारी तेरेसा बापाकडे जेवायला यायची, दोघं सूप गार होईपर्यंत भांडायचे, आणि सोमवारी काझ बारमध्ये तिचेच मुद्दे खोडून काढायचा, जसे काही ते पेपरात वाचले होते.

मग नेस्टरचं झालं.

नेस्टर आर्मिहो आमचा कॅचर. बारा हंगाम बॅटरच्या मागे उकिडवा बसला, बारा हंगाम आमच्या पिचरांची समजूत काढली. माणूस न्यू मेक्सिकोचा, पण ईस्टरला अंड्यांची टोपली आशीर्वादासाठी घेऊन आमच्या चर्चच्या रांगेत उभा राहायचा. माझ्या हातचे पिएरोगी खाऊन त्यानं एकदा स्वतःहून आत येऊन भांडी विसळली. असल्या माणसाला लोक खेळाडू म्हणत नाहीत, आपला म्हणतात. त्याचे गुडघे गेले होते हे खरं आहे. समोरचे लोक बेस चोरायचे, म्हणजे नजर चुकवून पुढच्या बेसवर खुशाल पळायचे, आणि नेस्टर उठून चेंडू फेकेपर्यंत ते तिकडे पँटची धूळ झटकत उभे असायचे. आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. पण आपल्या माणसाचं वय आपण चारचौघांत मोजत नाही.

जुलैत, संघ पहिल्या जागेच्या अगदी जवळ असताना, वरच्यांनी नेस्टरला विकला. बदल्यात आला कोल्बी व्रेन नावाचा एक उंच पिचर. हाताची गती बघून टीव्हीवाले चेकाळले. लेओ म्हणाला, "हा पोरगा स्वतःचाच खांदा फेकून देईल एक दिवस." खांदा नाही, पण सप्टेंबरात त्याचं कोपर गेलं. आमचे लहान पिचर नेस्टरशिवाय भांबावून गेले, आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी एका सामन्यानं आमची पहिली जागा हुकली. पुलास्की स्ट्रीटवर सुतक पडलं. अतिशयोक्ती करत नाही मी. बेकरीवालीनं शोकेसमधला ड्रेजर्सचा केक काळ्या साखरेनं झाकला.

पण काझचं सुतक जुलैतच सुरू झालं होतं. नेस्टरला विकल्याची बातमी आली त्याच संध्याकाळी तेरेसा बापाच्या घरी गेली. काझनंच मला नंतर सांगितलं. दारातूनच ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मी सांगते. हे माझं काम आहे. मीच त्यांना सांगितलं."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, मग इथं कशाला आलीस. आणि टीव्हीचा आवाज वाढवला."

"काझ."

"माहितीय मला."

"तू गाढव आहेस."

"माहितीय म्हटलं ना."

माहीत होतं तर फोन करावा की नाही? नाही. आणि ती तरी कमी आहे का? खाण तशी माती. ती आठवड्यातून एकदा मला फोन करायची. "मावशी, बाबा जेवतो ना नीट?" मी म्हणायची, "तूच विचार की." मग, "गोळ्या घेतो का?" असं करता करता थंडी पडली. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी आम्हा पोलिश लोकांत टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्या वर्षी काझकडे मी जेवायला होते. त्यानं दोन ताटं जास्तीची मांडली. कुणी आलं नाही. ती दोन कोरडी ताटं धुऊन ठेवताना मला इतका राग आला दोघांचा, की वाटलं एकेक ताट एकेकाच्या डोक्यात घालावं.

आता जानेवारीचं सांगते. दर जानेवारीत ड्रेजर्स सरोवराकाठच्या मोठ्या हॉलमध्ये लोकांसाठी मेळावा भरवतात. खेळाडू सह्या देतात, लहान पोरं जाळ्यात चेंडू मारतात, आणि शेवटी एक तास जनरल मॅनेजर मंचावर बसतो. खाली एक माईक ठेवलेला. ज्याला विचारायचंय त्यानं रांगेत उभं राहायचं आणि विचारायचं. वर्षभरात वरचे लोक आम्हाला तोंड दाखवतात ते तेवढा एक तास.

आमच्या बारचा नियम असा, की आम्ही तिथे एकच प्रश्न घेऊन जातो. जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारी, तळलेले मासे खाऊन झाले की सगळे मिळून प्रश्न ठरवतात, मग हात वर करून विचारणारा निवडतात. त्यानं प्रश्न पाठ करायचा आणि जसाच्या तसा विचारायचा. एक शब्द बदलला तर हंगाम सुरू होईपर्यंत बारची पायरी चढायची नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांनी केला, कारण माईक हातात आला की माणसं पाघळतात. आदल्या वर्षी नॉर्बर्ट गेला होता. पिचरांबद्दल विचारायचं ठरलं होतं, पण समोर जनरल मॅनेजर बघून याची बोबडी वळली, आणि यानं विचारलं की स्टेडियमवर पिवळी मोहरी मिळते, तपकिरी का मिळत नाही. एप्रिलपर्यंत बिचारा फुटपाथवर उभा राहून खिडकीतून जुने सामने बघत होता. थंडीत मीच त्याला बाहेर सूप नेऊन द्यायची.

या वर्षीचा प्रश्न लेओनं रचला, उभा राहून, एकेक शब्द तोलत. "नेस्टरला विकायचं कुणी ठरवलं, त्या माणसाचं नाव सांगा, आणि तो माणूस अजून नोकरीवर का आहे, तेही सांगा."

सगळ्या बारनं टेबलं बडवली. मी काझकडे बघितलं. तो मीठदाणी उचलून तिच्या भोकांकडे बघत होता.

"नाव कशाला?" मी मध्ये पडले. "एवढ्या मोठ्या ऑफिसात काय एकटा माणूस ठरवतो का?"

"तेच तर," लेओ म्हणाला. "विचारलं की म्हणतात आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे कुणीच नाही. ते काही नाही, नाव पाहिजे."

"आणि विचारणार काझ," नॉर्बर्ट म्हणाला. "माईक बंद पडला तरी चालेल." हात वर गेले. माझा सोडून सगळे.

गिऱ्हाईकं पांगल्यावर मी काझला म्हटलं, "घसा बसलाय म्हण. पाठ धरलीय म्हण."

"मंचावर तो लॅथम असतो," काझ म्हणाला. लॅथम म्हणजे जनरल मॅनेजर. "नाव विचारलं तर पगार घेणारा तोच म्हणेल, जबाबदारी माझी. तेरेसाचं नाव निघायचंच नाही. उलट लॅथमला जरा घाम फुटेल." मग म्हणाला, "तिला नंतर कळल्यावर बरं वाटेल कदाचित." मला ते काही पटलं नाही, पण बुडत्याला काडीचा आधार असतो, ती काढून कशी घेणार.

मेळाव्याला आम्ही चर्चच्या बसनं गेलो. सरोवरावरून असा वारा येत होता की नॉर्बर्टनं बस उभी केली तरी ती हलत होती. हॉलमध्ये आमची सगळी मंडळी पुढच्या दोन ओळी धरून बसली. काझ रांगेत उभा राहिला, आणि त्याचा कोट हातावर घेऊन मी त्याच्या बाजूला.

लॅथम मंचावर आला. सूट चांगला, हसणं त्याहून चांगलं. त्याच्या मागून कुणीतरी आणखी एक खुर्ची आणली, आणि त्या खुर्चीवर येऊन बसली तेरेसा.

काझनं माझ्या हातातल्या कोटाकडे बघितलं, मग परत मंचाकडे.

पहिल्याच माणसानं नेस्टरचा विषय काढला, आणि लॅथमनं आपल्यापुढचा माईक असा काही बाजूला सरकवला, जसं गरम भांडं दुसऱ्याच्या हातात द्यावं. "याबद्दल आमच्या विश्लेषण विभागातल्या टेस हॉलंड बोलतील." हॉलभर हुर्यो सुरू झाली. तेरेसानं तोंड उघडलं की लोक ओरडायचे. ती थांबायची, ते थांबले की पुन्हा सुरू करायची. दुसरा एक जण माईकवर आला तो प्रश्न विचारायला आलाच नव्हता. "बाई, आयुष्यात कधी बॅट हातात धरलीत का?" म्हणाला, आणि हसणारी माणसं बघायला मागे वळला. हसली बरीच. लेओही हसला. मी त्याचं हसणं बघून ठेवलं, आणि त्याचे पुढचे चार शुक्रवारचे मासे करपवले.

काझच्या पुढे आता एकच माणूस होता. मी त्याची बाही धरली. "प्रश्न बदल. बार माझा आहे, नियमही माझा. मी माफ केला तुला."

"नाही."

"अरे, पोटची पोर आहे तुझी. नोकरीवर का ठेवलंय असं विचारणार तू तिला, एवढ्या लोकांत?"

"ब्रोनिया, तिला माहितीय आपण प्रश्न ठरवून आणतो. बारमध्ये बसून गृहपाठ करायची तेव्हापासून माहितीय. मी रांगेत उभा आहे हे तिनं बघितलंय." त्याचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला होता की मला कान जवळ न्यावा लागला. "मी आत्ता मोहरीचं विचारलं, तर तिला काय वाटेल? की बापालाही वाटतं, हिला झेपणार नाही."

"आणि विचारलंस तर?"

"तर ती रविवारी पुन्हा कधीच यायची नाही. ते आहेच."

पुढचा माणूस बाजूला झाला. काझ माईकपाशी गेला. हुर्यो चालूच होती. तो मागे वळला आणि माईकशिवायच म्हणाला, "गप्प बसा जरा. मला उत्तर ऐकायचंय." हॉल गप्प झाला. ब्रेक लावणाऱ्या माणसाचा आवाज आहे तो.

"पुलास्की स्ट्रीटवरून, काझ ग्राबेक," तो म्हणाला. समोरून ती बापाकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नाही. टेबलावर हात मात्र एकात एक घट्ट. "प्रश्न मॅडमना आहे. नेस्टरला विकायचं कुणी ठरवलं, त्या माणसाचं नाव सांगा, आणि तो माणूस अजून नोकरीवर का आहे, तेही सांगा."

एक शब्द बदलला नाही त्यानं. आमच्या दोन ओळींनी टाळ्या वाजवल्या. लॅथमनं घाईघाईनं माईक ओढला. "आमच्याकडे निर्णय ही एक सामूहिक प्रक्रिया..."

"मी," तेरेसा म्हणाली.

लॅथमचा हात माईकवरच राहिला. तिनं तो माईक त्याच्या हाताखालून शांतपणे आपल्याकडे घेतला.

"मी सांगितलं, सर. माझं नाव टेस हॉलंड. नेस्टरला सोडायला हवं होतं असं मी आजही म्हणेन, कारण त्याच्या गुडघ्यांवर दुसरे संघ जिंकायला लागले होते, आणि ते तुम्हालाही दिसत होतं." पुन्हा हुर्यो. तिनं ती जाऊ दिली. "पण दोन ठिकाणी मी चुकले. व्रेनची गती बघितली, त्याचा हात किती वापरून झालाय ते नीट बघितलं नाही. आणि नेस्टर लहान पिचरांना जो धीर द्यायचा तो मी कशातच धरला नव्हता. तो मोजता येत नाही म्हणून मी तो नाहीच असं समजले. एका सामन्यानं आपण हुकलो. तो सामना माझ्या नावावर लिहा." मग तिनं मान वळवली. "मला अजून नोकरीवर का ठेवलंय, ते मिस्टर लॅथमना विचारावं लागेल. मलाही ऐकायचंय."

काही लोक हसले, या वेळी लॅथमला. तो पाणी प्यायला लागला. पण हॉल अजून तिचा झाला नव्हता, आणि अशा वेळी एक तरी रिकामटेकडा असतोच. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हिला बेसबॉल शिकवलं तरी कुणी?"

माईक परत घ्यायला एक बाई हात पुढे करून उभी होती. काझनं माईक दिला नाही.

"मी," तो म्हणाला.

हॉलला कळेना हा काय म्हणतोय. पहिल्या ओळीत लेओचं तोंड उघडंच राहिलं.

"मी शिकवलं," काझ म्हणाला. "मुलगी आहे माझी. तिची आई गेली त्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना घरी बसवेना, म्हणून आम्ही रोज सामन्याला यायचो, उन्हातल्या बाकांवर. मला दुसरं काय बोलावं तिच्याशी ते माहीत नव्हतं, म्हणून बेसबॉलच बोललो. जे चुकलं असेल ते माझ्या शिकवण्यात चुकलं असेल. नेस्टरला विकायला नको होतं, हे मी मरेपर्यंत म्हणणार." इथे त्याचा आवाज फाटला, आणि तो तसाच फाटक्या आवाजात पुढे बोलला. "पण विचारल्यावर तिनं स्वतःचं नाव सांगितलं. हे मी शिकवलेलं नाही. हे तिचं तिचं आहे. आता कुणाची तक्रार असेल तर मला सांगा, मी पुलास्की स्ट्रीटवर असतो."

मी रडत होते. त्याच्याच कोटाला नाक पुसलं, आणि मला त्याची काही लाज वाटत नाही. मंचावर तेरेसा खाली बघत होती. तिचे खांदे बघून मला वाटलं, ही आता उठून जाणार.

ती माईकपाशी वाकली.

"बाबा," ती म्हणाली, "मागे रांग आहे. बाकीचं रविवारी भांडू. मी येते जेवायला."

काझनं माईक त्या बाईच्या हातात दिला आणि माझ्याकडे येऊन त्यानं कोट मागितला, आणि मी तो धरून उभी असतानाही त्याला त्याची बाही सापडेना.